बाबांची समाधी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, तुझ्या चिमणीला गालगुच्चा.

मी आता ठणठणीत आहे. कारखान्यात कापड कापताना मधेच थबकायचो, मुकादम ओरडायचा, "झोपलास का रे?" शेवटी कात्री हातात असतानाच कोसळलो. डॉक्टर म्हणाले, हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी जागाच अधूनमधून गप्प बसते. आता खांद्याखाली छोटं यंत्र बसवलंय. ती गप्प बसली की ते ठोका देतं.

बाबा असेच बोलता बोलता थांबायचे, आणि आपण टाळ्या पिटायचो, "बाबांची समाधी लागली!" शेवटच्या वेळीही आपण हसतच होतो. इथे खाटेवर पडलं की ते हसू अजून कानात येतं.

आईचे गुडघे कसे आहेत? तेल लावते का?

परवा फोनवर तू बोलता बोलता गप्प झालीस. मला वाटलं, लाईन तुटली. पण मागे तुझ्या मोरीतला नळ वाहताना ऐकू येत होता. मी हाका मारत होतो, नळ वाहत होता. मग तू म्हणालीस, "हं, काय सांगत होते मी?"

फोनवर सांगितलं तर थट्टेवारी नेशील, म्हणून लिहितोय. भाऊजींना घेऊन आजच डॉक्टरकडे जा.

हसू नकोस, ताई.

तुझाच,
धाकटा