भर पेठेतली हाक

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९३४

हेमावतीनं आज भर नव्या पेठेत माझं नाव घेतलं! नवऱ्याचं नाव! मोठ्यांदा, चारचौघांत — "चन्नवीर!"

देवळातून परतत होतो. मी पुढं, ती रीतीप्रमाणं मागं. रस्त्याच्या मधूनच चाललो होतो, सगळेच चालतात. मागून मोटार आली. भोंगा वाजवला म्हणे. भोंगे हल्ली दिवसभर वाजतात, लक्ष कोण देतो! ती आधी "अहो, अहो" करून ओरडली. रस्त्यावरच्या कितीतरी पुरुषांनी माना वळवल्या, मी नाही वळवली. बाजारात कुणाची तरी बायको कुणाला तरी 'अहो' म्हणतच असते. मग ते नाव! दचकून बाजूला उडालो. मोटार धोतराचा सोगा फाडून गेली.

आमच्या कापडदुकानासमोरच हे घडलं. लोक हसले. मालकसुद्धा! मोटारीनं वाचवलं, हिनं मारलं.

बुधवार, ७

शेजारच्या गिरिजाबाई सकाळीच दारात. "नाव घेतल्यावर नवऱ्याचं आयुष्य कमी हुतंय, ठावं न्हाय व्हय तिला?" हेमावती म्हणाली, "मग काय बगत हुबी ऱ्हाऊ?" उलट उत्तर! वर तोंड!

अव्वा कालपासून गप्प आहे. जेवलीही नाही. माझ्या आईला एवढं लागलं, यातच सगळं आलं.

गुरुवार, ८

दुकानातल्या नागप्पानं आज बायकी आवाज काढला — "चन्नवीऽर!" गिऱ्हाइकं खिदळली. कान तापले माझे. बस्स झालं! उद्या हिला अक्कलकोटला माहेरी पोचवतो. कायमची? बघू.

सांगितलं तेव्हा वाटलं होतं, पाया पडेल. पडली नाही. गाठोडं बांधत बसली. खरं सांगायचं तर त्या मोटारीच्या तेलाचा वास अजून नाकातून गेलेला नाही. पण अब्रू ती अब्रू!

शुक्रवार, ९

टांगा दारात आला आणि अव्वानं हेमावतीच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं. मी पाळण्यात असताना वडील बाजारात बैलगाडीखाली सापडले, एवढंच आजवर मला ठाऊक होतं.

"उधळल्याली गाडी मला दिसली हुती की रे. मी मागनं 'अवो, अवो' म्हनत ऱ्हायले. समदा बाजार वळला. त्ये तेवढं वळलं न्हाईत."