जे राहणार ते ठेवायचं

४ फेब्रुवारी

टेकडीवरचं कॉलेज – दहात तीन.
नदीकाठचं – दहात सहा.
आपलं चौकातलं – दहात दहा. तिथे श्वास चालू असला की घेतात.

हे आकडे गणिताच्या बाईंना दाखवले. म्हणाल्या, ‘‘तीन कुठून आणलेस?’’ म्हटलं, अंदाजाने. ‘‘मग त्याला अंदाजच म्हण, शक्यता म्हणू नकोस.’’ आणि पेन घेऊन तिनाचे दोन केले. धन्यवाद बाई!

टेकडीवर गणिताला एका वर्गात मावतील एवढीच मुलं घेतात. आधी लेखी, मग मुलाखत. मिळालं तर घर सोडून वसतिगृहात राहायचं, आणि घरी यायचं म्हणजे आगगाडीत अख्खी रात्र काढायची. मला तिथेच जायचंय. हे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे रोज लिहायला नको.

७ फेब्रुवारी

अर्जांचे दिवस. स्टुडिओत श्वास घ्यायला फुरसत नाही. बाबा फोटो काढतात, मी कॉम्प्युटरवर चेहरे साफ करते, आई कापून पाकिटात भरते आणि गिऱ्हाइकाशी बोलते. (बाबा गिऱ्हाइकाशी ‘हनुवटी खाली’ एवढंच बोलतात.) आसपासची अर्ज करणारी जवळजवळ सगळी मुलं आमच्याच स्टुलावर बसून जातात. म्हणजे माझ्याविरुद्ध जे जे उभे आहेत त्यांच्या पुटकुळ्या मीच काढते! आज एकाचा चेहरा इतका हुशार होता की जरा हात आखडताच घेणार होते. नाही घेतला.

बाबांचा नियम आहे. पंधरा दिवसांत जे चेहऱ्यावरून जाणार, ते काढायचं. पुटकुळी, सर्दीने लाल झालेलं नाक, डास चावल्याची गांधी, जागरणाची वर्तुळं. जे राहणार ते ठेवायचं. तीळ, चामखीळ, वाकडा दात, व्रण – माझ्या डाव्या गालावर आहे तसा. (पाच वर्षांची असताना काउंटरच्या काचेवर पडले होते. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. आता सवयीचा झालाय.) मागे एक बाई चामखीळ काढा म्हणून हटून बसल्या, तर बाबांनी त्यांना दुसऱ्या स्टुडिओचा पत्ता दिला! आई त्यावर दोन दिवस बाबांशी बोलली नव्हती. नियम मात्र जागेवर आहे.

११ फेब्रुवारी

वर्गातली झिपरी आली फोटो काढायला. शाळेत माझ्यापेक्षा तिला नेहमीच दोन-चार मार्क जास्त. तीही टेकडीवरच अर्ज करतेय. आमच्यात यावरून काही वाकडं नाही, फक्त आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, ‘‘केस बसव ना जरा.’’
‘‘पंधरा दिवसांनी बसणारेत का?’’
‘‘नाही.’’
‘‘मग राहू देत.’’
‘‘मेली! नियमाची पोर!’’

गेल्यावर एक बट बसवली. एकच.

१२ फेब्रुवारी

दुकान बंद करता करता बाबा म्हणाले, ‘‘बस, तुझाही काढून टाकू.’’ माझे फोटो मी साफ करत नाही, ते बाबांचं खातं, लहानपणापासून. सकाळी पाकीट तयार होतं. चांगला आलाय. अर्जावर चिकटवला, पाठवला. सुटले.

९ मार्च

लेखी झाली. शेवटचा प्रश्न सुटला नाही, पण कसा सुटत नाही ते व्यवस्थित लिहिलं.

२ एप्रिल

मुलाखतीला बोलावलं! मला आणि झिपरीला, दोघींनाही. दहात चार. (बाईंनी तपासलं. खोडलं नाही.)

आत्याला फोन करून सांगितलं ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं की मला मिळालं. किराणावाल्याने अभिनंदन केलं. आत्याला म्हटलं, अगं, नुसतं बोलावलंय. ‘‘बोलावलंय म्हणजे काय, नको असलेल्याला कुणी बोलावतं का?’’

बाबांनी जेवताना एकच विचारलं, ‘‘वर थंडी असते का गं?’’ म्हटलं, असते. मग भाजी वाढून घेतली.

भांडी पुसताना आई म्हणाली, ‘‘तुझा बाबा ‘नको जाऊस’ असं म्हणणार नाही. पण जा असंही त्याच्या तोंडून निघायचं नाही. तू आपलं समजून घे.’’ मला यात समजून घेण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी म्हणायची गरजच काय! घेणार तर टेकडीवाले घेणार.

१८ एप्रिल

परतीच्या गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय ते गाडीमुळे.

लांबलचक खोली, टेबलापलीकडे तिघं. मधल्या बाईंचे केस पांढरे, चष्मा साखळीला. माझा अर्ज उचलला. फोटो पाहिला. मला पाहिलं. परत फोटो. मग अर्ज शेजारच्या गृहस्थांकडे सरकवला. त्यांनीही तसंच केलं आणि विचारलं,

‘‘हा तुझाच फोटो?’’
‘‘हो.’’
‘‘कधीचा?’’
‘‘फेब्रुवारीतला.’’
‘‘मग हे गालावरचं त्यानंतरचं का?’’

मला कळेचना ते काय म्हणताहेत. त्यांनी अर्ज माझ्याकडे वळवला. फोटोत गाल स्वच्छ. कोरा. बाबांच्या हाताचं काम – कुठे ब्रश फिरलाय ते मलाही सापडलं नसतं.

आणि मी तो फोटो स्वतः चिकटवला होता! दिवसभर लोकांच्या चेहऱ्यातला केस न् केस बघणारी मी, स्वतःच्या फोटोत अख्खा व्रण नाही हे मला दिसलं नाही. का, तर घरातल्या सगळ्या फोटोंत मी अशीच आहे. शाळेच्या ओळखपत्रावर, आत्याच्या लग्नात, दहाव्या वाढदिवसाला. फोटोतली मी बिनव्रणाची आणि आरशातली व्रणाची, हे मला आजवर खटकलंच नव्हतं.

खरं ते सांगितलं. वडिलांचा स्टुडिओ आहे, त्यांनी काढून टाकला असणार, मला माहीत नव्हतं. तिसरे गृहस्थ म्हणाले, ‘‘तुझ्या जागी दुसऱ्या कुणी लेखी दिली नाही कशावरून?’’ रागाने नाही विचारलं. त्यांच्या जागी मीही विचारलं असतं. मग बाहेर बसवलं. सही करून घेतली, अंगठा घेतला, परीक्षेच्या खोलीत कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा कुठूनतरी शोधून आणला. त्यात व्रण होता. पण माझी वेळ त्यातच गेली. उरलेल्या वेळात दोन प्रश्न. पहिला आला. दुसऱ्यात अडकले, आणि अडकल्यावर एरवी सुचतं ते काही सुचलं नाही. गाल गरम झाला होता, तेवढंच जाणवत होतं.

पांढऱ्या केसांच्या बाई शेवटी म्हणाल्या, ‘‘वडिलांना सांग, पुढच्या वेळी असं करू नका म्हणावं.’’ पुढची वेळ कुठली!

झिपरीची मस्त झाली. समोरच्या बाकावर झोपलीय, तोंड उघडं टाकून.

दहात एक.

१९ एप्रिल

सकाळी स्टेशनवरून थेट दुकानात. बाबा पांढरा पडदा इस्त्री करत होते. सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवायला हवा होतास, असं आई नंतर म्हणाली.

बाबांनी इस्त्री उभी ठेवली.

‘‘अर्जावरचा होता म्हणून मुद्दाम केलंत?’’
‘‘नाही. नेहमीच करतो.’’
‘‘आणि नियम?’’
‘‘नियमानेच केलं.’’
‘‘बाबा, व्रण आहे तो!’’
‘‘जाईल म्हणाले होते डॉक्टर.’’
‘‘कधी म्हणाले होते?’’
‘‘टाके काढले तेव्हा. पोर लहान आहे, भरून येईल, दिसणारसुद्धा नाही, म्हणाले.’’
‘‘तेव्हा मी पाच वर्षांची होते.’’
‘‘हो ना,’’ बाबा म्हणाले, जणू ते मागच्याच आठवड्यात झालं.

हा माणूस गेली इतकी वर्षं माझ्या गालाकडे रोज बघतोय आणि रोज त्याला वाटतंय की आता फिकट होतोय! त्याच्या लेखी मला एक पुटकुळी झालीय. आज ना उद्या जाईल.

आईला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, ‘‘मी नुसती कापते.’’

प्रचंड राग आलाय. आणि तो पुरेसा टिकत नाहीये, याचाही येतोय.

२० एप्रिल

गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘‘लेखीचे मार्क कुणी खोडत नाही.’’ तरी एकाचे दोन केले नाहीत.

२७ एप्रिल

बाबा आणि मी कामापुरतं बोलतो. उजेड, कागद, पाकीट. तसे एरवीही फार बोलत नसू, पण आता ते ऐकू येतं.

दुपारी एक बाई छोट्या मुलीला घेऊन आल्या, शाळेच्या प्रवेशासाठी फोटो. पोरीच्या कपाळावर नुकतीच भरलेली लाल खोक. बाई म्हणाल्या, ‘‘तेवढं काढाल ना? डॉक्टर म्हणतात जाईल.’’ मी माऊसवर हात ठेवून थांबले. बाबा कॅमेऱ्याची पट्टी गुंडाळत होते. बराच वेळ गुंडाळली. मग म्हणाले, ‘‘ठेव.’’

बाई कुरकुरल्या. आईने समजूत घातली.

६ मे

यादी लागली. झिपरी – हो! मी – प्रतीक्षा यादीत. कुणी जागा सोडली तर.

झिपरी आधी नाचली, मग माझ्याकडे बघून थांबली. म्हटलं, नाच गं, माझ्यामुळे थांबू नकोस. मग ती रडायला लागली. तिला मीच सरबत पाजलं. घरी आल्यावर मोरीत नळ सोडून मीही थोडी रडले. थोडीच. लिहून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना वाटेल की मी फार धीराची होते.

आत्याने गल्लीत सांगितलं, ‘‘तिचं नाव वेगळ्या यादीत आहे, खास.’’

रात्री जेवताना बाबा ताटातच बघत होते. ‘‘माझ्यामुळे,’’ एवढं म्हणाले. मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. खोटं बोलवेना. दुसरा प्रश्न कुणामुळे अडला ते मला तरी कुठे माहीत आहे! पाणी पुढे सरकवलं. त्यांनी घेतलं.

१५ मे

नदीकाठच्या कॉलेजात प्रवेश घेतला. रोज बसने जाऊन-येऊन करता येतं. इमारत बरी आहे, जिने फार. आई खूश. बाबांनी बसच्या वेळा विचारल्या, पुन्हा विचारल्या, आणि संध्याकाळी शिट्टी वाजवत पडदा झटकला. झटकता झटकता त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि शिट्टी थांबली.

मी जावं आणि मी राहावं, त्यांना दोन्ही वाटतंय. मला कळतं. आई म्हणाली होती ते हेच असावं.

२३ मे

काही नाही. चेहरे. गरम होतंय.

२ जून

टेकडीवरून फोन आला. एकाने जागा सोडली. शनिवारी निघायचं, येताना ओळखपत्रासाठी फोटो आणायचा.

बाबा म्हणाले, ‘‘बस.’’ या वेळी मी शेजारी उभी राहून बघितलं. व्रण ठेवला. कानापासून ओठापर्यंत, जसाच्या तसा. नाकावर कालच आलेली पुटकुळी होती, तीही ठेवली. रडून सुजलेले डोळेही. कशालाच हात लावला नाही. सरळ छापायला घेतला.

म्हटलं, ‘‘बाबा, पुटकुळी तरी काढा. नियम आहे ना! चार दिवसांनी दिसणारही नाही ती.’’

‘‘चार दिवसांनी तू तरी कुठे दिसणार आहेस?’’ बाबा म्हणाले, आणि एक प्रत जास्त काढली.