गुणी बाळ

दि. ९ सप्टेंबर, दुपार

ती. आईस,

नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, सगळे धडधाकट आहेत. तू दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला लागलीस, दिवसभर चादरींच्या घड्या घालतेस, हे मावशीने सांगितलं. तुझ्या पांघरुणाची कधी घडी झाली नाही, आणि आता तू आणि घड्या, म्हणून ती पोट धरून हसली. मीही हसले.

मला मुलगी झाली. चार महिन्यांची आहे. नाक तुझं आहे, त्याला माझा इलाज नाही. हे मालट्रक चालवतात, एकदा गेले की चार-पाच दिवस फिरकत नाहीत. चष्म्याच्या दुकानातली माझी जागा मालकांनी अजून राखून ठेवली आहे. एकूण बरं चाललंय.

दुपारी मात्र खोली भरत जाते. कोमट पाण्याने म्हण हवं तर. आधी पलंगाचे पाय बुडतात, मग खिडकी, मग मी. पडदा संथ हलत राहतो. बाळाचं रडणं लांबून, पैलतीरावरून यावं तसं येतं आणि कानाला गोडही लागतं. वाटतं, कुणाचं तरी बाळ रडतंय, घेईल त्याची आई.

तुला ही पाण्याने भरलेली खोली माहीत आहे. मी सहा वर्षांची होते तेव्हा तू तिच्यातच राहायचीस. मी तुझ्या पांघरुणात शिरून साखर खायचे, दिवसभर तेवढंच, आणि तुझ्या पापण्या हलताना बघायचे. हाक मारली की तू म्हणायचीस, "उठते हं राणी, जरा वेळाने." पुढे मी हाका मारणंच सोडलं. शेजारी म्हणायचे, पोर किती गुणी, घरात आवाज म्हणून नाही.

मग मावशीने मला उचलून नेलं. तू परत न्यायला आलीस, पुरती जागी, केस विंचरून, तेव्हा मी दारामागून ओरडले होते की माझी आई मेली. मला तसंच वाटत होतं. जावे त्याच्या वंशा म्हणतात ते खोटं नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. काल ती रडत होती आणि माझ्या तोंडून गेलं, "उठते हं राणी, जरा वेळाने." आवाजसुद्धा तुझाच. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. ती ओल्या दुपट्यात पडून टक्क डोळ्यांनी छताकडे बघत होती. रडत नव्हती. आज सकाळपासून भूक लागली तरी रडलेली नाही. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, किती गुणी आहे हो.

ह्यांना सांगितलं तर हे घाबरतील. मावशीला सांगितलं तर ती हिलाही उचलून नेईल, आणि तिचं चुकणारही नाही. पण मला माझी लेक हवी आहे. डॉक्टरबाईंकडे जायला हवं हे कळतं, पण दारापर्यंत पाय पोचत नाहीत.

आई, तू त्या पाण्यातून बाहेर आलीस. एकटी आलीस. कुणी हात दिला नाही, मीही नाही. कशी आलीस ते मला सांग. पण ते नंतर. काकू उद्या तुमच्याच दवाखान्यात डोळे दाखवायला येणार आहेत, हे पत्र त्यांच्या हाती देते. त्यांच्याबरोबरच निघून ये. दार नुसतं लोटलेलं असेल. मी झोपलेली दिसले तर मला उठवत बसू नकोस. आधी तिला घे. ती हात पुढे करणार नाही, तरी घे.

तुझी,
मुलगी