अकरा वाजताचा वाडगा

मंगळवार, ता. ९
दुपारचे चार

प्रिय ताई,

आधी नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच फळीवर टाकून देशील, हे मला माहीत आहे. दोन दिवसांनी तरी फोडशील, हेही माहीत आहे. तू खानावळ सोडून गेलीस त्याला दोन वर्षं झाली आणि तेवढ्या काळात मी एक ओळ लिहिली नाही. आता लिहितेय, कारण बातमीच तशी आहे. आम्ही सगळे ठीक आहोत, ह्यांचा गुडघा सोडून. तुझी तब्येत कशी आहे? दवाखान्याच्या कँटीनमध्ये लागलीस असं तुझ्या लेकीकडून कळलं. जम बसला असेल. तुझा कुठेही बसतो.

तर बातमी. आपली खानावळ गावात पहिली आली.

झालं असं की, गावच्या साप्ताहिकाने एक टूम काढली, ‘पोटभर आणि परवडणारं’. वाचनालयात खोका ठेवला आणि लोकांना सांगितलं, आपल्या लाडक्या खानावळीचं नाव चिठ्ठीवर लिहून टाका. अट एकच, मालक स्वतः शेगडीशी उभा राहणारा हवा. मला वाटलं, नदीकाठचे मासेवाले काका बाजी मारणार, नाहीतर बसस्टँडसमोरचा आम्लेटवाला चष्मिस. पण निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या आपल्या निघाल्या. आणि त्यातल्या कितीतरींवर खानावळीचं नावच नव्हतं, नुसतं ‘मसुराचं सूप’ एवढंच लिहिलेलं. मी त्या चिठ्ठ्या मागून आणल्यात. दिवसातून चारदा काढून वाचते, हसू नकोस.

हे तर इतके हुरळलेत की काल आठही टेबलांचे डुगडुगणारे पाय ठोकून घट्ट केले. दहा वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, तेव्हा ह्यांना हातोडी सापडत नव्हती. मासेवाले काका अभिनंदन करायला आले ते तोंड एवढंसं करून, पण बसले आणि तीन वाडगे सूप पिऊन गेले. परवा गुरुवारी साप्ताहिकाच्या बाई यायच्या आहेत, बरोबर फोटोवाला. मी कोणती साडी नेसू, याचाच घोळ चाललाय.

तुझ्यामागे इथे एक नवी पद्धत पडली आहे. अकरा वाजता पातेल्याचं झाकण काढलं की पहिला वाडगा मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आपले खिडकीजवळचे. ते चव घेतात आणि चमचा टेबलावर आपटतात. एकदा आपटला तर मीठ कमी, दोनदा आपटला तर ठीक. मगच बाकीच्यांना वाढायचं. मी मीठ हात राखूनच घालते, त्यामुळे जास्त व्हायची भीती नाही. मास्तर परगावी गेले की त्या खुर्चीसाठी न्हावी आणि शिंपी भांडतात. एकदा दोघे तिच्यावर अर्धे अर्धे बसले. एकाने एकदा आपटला, दुसऱ्याने दोनदा, आणि सूप निवेपर्यंत वाद चालला. लोकांना मोठी गंमत वाटते. वाटू दे.

एक छोटं काम होतं. तीन किलो मसुराला मीठ नेमकं किती, ते वजनात लिहून कळव. तू कधी मोजलं नाहीस ते ठाऊक आहे, पण अंदाजाने सांग. पुढे कधी फजिती नको.

गिऱ्हाईक आलं. उरलेलं नंतर लिहिते.

गुरुवार, ता. ११
दुपारचे तीन

पत्र टाकलंच नव्हतं. बरं झालं. मिठाचं वाचून तू म्हणाली असतीस, वीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहिली आणि हिला मीठ कळत नाही?

नाही कळत, ताई.

तू जायच्या आधी मला ताप आला होता. आठ दिवस मी अंथरुणात होते आणि तू एकटीने दोन्ही शेगड्या सांभाळल्यास. त्या तापात माझी चव गेली आणि वासही गेला. पण गेलंय हे मला कळलंच नाही. मला वाटलं, तुझंच सूप पांचट व्हायला लागलंय. ताई थकली, मीठ विसरते. बोलले तर तुला लागेल, म्हणून तू भांडी ठेवायला मागे गेलीस की मी गुपचूप मीठ टाकायचे. पहिले दोन दिवस चिमूटभर. तिसऱ्या दिवशी मूठभर.

त्या दिवशी बसच्या ड्रायव्हरने वाडगा परत पाठवला आणि त्याच्यामागून आणखी सहा परत आले. तू भर खानावळीत मला विचारलंस, “तू वरून मीठ घातलंस का गं?” आणि मी म्हणाले, “मी कशाला घालू? तुझाच हात बिघडलाय आता.”

सगळे ऐकत होते. संध्याकाळी एप्रन घडी करून ठेवलास आणि गेलीस.

चौथ्या दिवशी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ह्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. माझा तोवर पिऊन झाला होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर झाले, औषधं झाली. आता तिखट तेवढं झोंबतं, बाकी सगळं ओल्या कागदासारखं लागतं.

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. लाज वाटली. मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. चव गेली यात माझा दोष नाही. पण मीठ मी घातलं होतं आणि नाही म्हणाले, हे माझंच पाप.

आता आजचं ऐक. मन कसं पिसासारखं झालंय. भर जेवणाची वेळ, आठही टेबलं भरलेली, दारात माणसं उभी. साप्ताहिकाच्या बाईंनी विचारलं, “या चवीचं रहस्य काय?” मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, “रहस्य कसलं? हिच्या हातालाच चव आहे.”

ताई, हे तुझ्याबद्दल बोलायचे लोक. ते शब्द मला मिळत होते आणि मला गप्प राहवेना. मी म्हणाले, “मास्तर, पहिला वाडगा मी तुम्हाला मानाचा म्हणून देत नाही. मला चवच कळत नाही, म्हणून देते.” मग मला थांबता येईना. ताप, मूठ, सात वाडगे, मी तुला काय बोलले, सगळं सांगून टाकलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

मास्तरांनी चमचा वाडग्यात ठेवला. मग म्हणाले, “मी दोन वर्षं स्वतःला परीक्षक समजत होतो. तू तर माझा तराजू केलास की गं.” लोक हसले, मीही हसले, आणि हसता हसता रडू आलं. ह्यांनी आपला रुमाल दिला. त्याला टेबलांच्या बोल्टांचं वंगण होतं, ते आता नंतर काढलेल्या फोटोत माझ्या गालावर दिसणार.

तो वाडगा परत पाठवणारा ड्रायव्हरही दारातल्या माणसांत होता, तो मात्र हसला नाही. तो म्हणाला, “म्हणजे ताईंचा हात बिघडला नव्हता?”

“नव्हता,” मी म्हणाले.

“आणि मी स्टँडवर सगळ्यांना सांगत फिरलो.”

बाईंनी विचारलं, “हे छापू का?” मी म्हणाले, छापा. ती चिठ्ठ्यांवरची मतं ताईने शिकवलेल्या सुपाला आहेत, असंच छापा. शनिवारी अंक निघेल. त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं. पोस्टाने दोन दिवस जातील, म्हणून ड्रायव्हर थांबलाय. तुझ्याकडे येणारी चारची गाडी आज त्याचीच आहे. पत्र तो स्वतः तुझ्या हातात देईल आणि त्याचं म्हणून जे काही बोलायचं आहे तेही बोलेल. त्याला दारात उभं ठेवू नकोस, बिचारा जेवलाही नाही.

ये म्हणायचा हक्क मी गमावलाय. तरी म्हणते, ये. आलीस तर शेगडी तुझी, आणि मी भाज्या चिरीन, वाढीन, तू सांगशील ते करीन. नाही आलीस तरी तुझ्याबद्दल इथे आता कोणी वावगं बोलणार नाही, तेवढं मी आज पाहिलंय.

गेलीस तेव्हा तू मागच्या दाराने गेलीस, माणसांच्या नजरा चुकवून. येशील तेव्हा पुढच्या दाराने ये. भर दुपारी ये, सगळी टेबलं भरलेली असताना.

तुला खोटं पाडणारी,
तुझी धाकटी