सहा नंबरच्या कपाटातला चेंडू

कनाटा, ओटावा
रविवार, २४ ऑक्टोबर २०१०

तीर्थस्वरूप अरविंदमामांच्या पायांशी (गुडघेदुखी आता बरी असेल असं धरून चालतो) भाचा रवींद्र याचा साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे अजून महिनाभर तुम्हाला वाचायची बंदी आहे आणि आलेली पत्रं मामी मोठ्यानं वाचून दाखवतात, असं कळलं. म्हणून यंदा अक्षर जरा मन लावून काढलं आहे. मामी, चष्मा लावा, सावकाश वाचा, आणि मध्ये कितीही ठसका लागला तरी थांबू नका.

मामा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की एकाहत्तरच्या फायनलचा तुमचा तो चेंडू हल्ली हातात हलका लागतो. वय झालं की असं होत असेल. मनावर घेऊ नका. (त्याबद्दल शेवटी लिहिणार आहे.)

आता इकडची हकीकत. माझ्या शेजारी ल्यांग नावाचे एक चिनी गृहस्थ राहतात, हे मी पूर्वी कळवलं होतं. आम्ही एकाच टेलिकॉम कंपनीत होतो. कंपनी बुडाली तेव्हा मी दुसरी नोकरी शोधली आणि ल्यांगसाहेबांनी घराच्या बेसमेंटमध्ये म्युझियम काढलं. कशाचं, तर फुटबॉलचं. त्यांचं म्हणणं असं की फुटबॉल दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये सुरू झाला, त्याला त्सूजू म्हणत, सैनिक तो कवायत म्हणून खेळत, चेंडू कातड्याचा असे आणि त्यात पिसं नाहीतर केस ठासून भरलेले असत. म्हणजे तो फुटणं शक्य नव्हतं. (आपल्या पेठेतल्या पोरांच्या हाती दिला असता तर फुटला असता, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.) हरणाऱ्या संघाच्या कप्तानाला फटके मारत आणि तोंडाला पांढरी पूड फासत, हे वाचल्यावर तर मला गहिवरूनच आलं. तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कुठलातरी पूर्वज नक्की तिकडे जाऊन आलेला असणार.

तर असं हे म्युझियम. फक्त शनिवार-रविवार उघडं. गॅरेजच्या दारावर पाटी, आत काचेची सहा कपाटं, ल्यांगसाहेबांनी स्वतः बनवलेली. पाच भरलेली आणि सहावं तीन वर्षं रिकामं. त्यात काय ठेवायचं ते त्यांचं ठरत नव्हतं, आणि रिकाम्या कपाटाची काच मात्र ते दर शनिवारी पुसत. मी तिथला मानद गाइड. तुमच्या भाचेसुनेचं, नीरजाचं, मत आहे की मी माहिती कमी आणि कोल्हापूर जास्त सांगतो. एकदा एका फ्रेंच बाईंना मी त्सूजूवर चार मिनिटं आणि तुमच्या गोलकीपिंगवर पंचवीस मिनिटं बोललो. त्या जाताना तुमची तब्येत विचारून गेल्या, आता बोला.

म्युझियमची शान म्हणजे एक नंबरच्या कपाटातला पांढरा चेंडू. तो प्राचीन नाही, पण प्राचीन पद्धतीचा आहे. ल्यांगसाहेबांचे वडील शांडोंगमध्ये मोची होते, त्यांनी म्हातारपणी जुन्या वर्णनांवरून बारा तुकडे कापून हातानं शिवलेला. वडील गेले. ल्यांगसाहेब कॅनडात आले ते तो चेंडू रजईत गुंडाळून. असा दुसरा चेंडू आता या जगात होणे नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही पुढचं घडलं.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, खंडेनवमी होती. ल्यांगसाहेब मुलीकडे टोरोंटोला गेले होते आणि म्युझियमची किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी चिनी ज्येष्ठ मंडळाचे बारा आजी-आजोबा म्युझियम बघायला यायचे होते. मी सकाळी अंघोळ करून एक पिशवी घेऊन तिथं गेलो. (पिशवीत काय होतं तेही शेवटी.) मनात आलं, आज हत्यारांची, अवजारांची पूजा असते, तुम्ही तिकडे कोल्हापुरात चेंडूला हळदकुंकू वाहत असाल, आणि इथं सगळ्या चेंडूंचा मूळपुरुष काचेत बिनपूजेचा बसला आहे. मला ते बघवेना. मी एक नंबरचं कपाट उघडलं, पाट मांडला, त्यावर चेंडू ठेवला. झेंडू ग्रोसरीत मिळाला नव्हता म्हणून शेवंती. आपट्याच्या पानांऐवजी अंगणातली मेपलची पानं. ती या दिवसांत इतकी पिवळीधमक असतात की सोनं म्हणून लुटायला आपट्यापेक्षा बरी. उदबत्ती लावली, कापूर पेटवला, आणि आरतीचं दुसरं कडवं चालू असताना छतावरचा स्मोक अलार्म किंचाळू लागला.

मामा, मी दचकलो. पेनल्टीच्या वेळी तुम्ही कधी दचकला नाहीत, पण माझ्यात तुमचं रक्त भाच्याच्या वाट्याचंच आहे. हातातलं तबक उडालं. हळद, कुंकू आणि तांब्यातलं पाणी, सगळं त्या पांढऱ्याशुभ्र चेंडूवर. मी तो पुसतो आहे तोवर बाहेर आगीचा बंब. तो अलार्म सुरक्षा कंपनीला जोडलेला असतो आणि ती थेट बंब पाठवते, हे मला माहीत नव्हतं. हेल्मेट घातलेले तीन धिप्पाड जवान जिन्यावरून खाली आले आणि सोवळं नेसलेल्या माझ्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांना पेढे दिले. दुसरं काय करणार? एकानं हातमोजा काढून पेढा घेतला, चाखला आणि पुन्हा हात पुढे केला. जाताना "सर, नो ओपन फ्लेम इन द बेसमेंट, ओके?" एवढंच म्हणाला. माणसं फार चांगली आहेत इथली.

चेंडू घरी आणला. नीरजानं तो बेसिनवर धरला आणि भांड्यांचा साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेल्या बाईला ऐनवेळी आठवलं नाही. (हे वाक्य तिनं वाचलेलं नाही.) ईशानी जिन्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, यू पुट टर्मरिक ऑन ॲन आर्टिफॅक्ट?" तिच्या तोंडाकडे बघून मला प्रथमच रडू आलं. एका माणसाच्या वडिलांच्या हातची एकुलती एक वस्तू मी रंगपंचमीला नेल्यासारखी करून ठेवली होती.

रविवारी सकाळी ल्यांगसाहेब परतले. मी चेंडू त्यांच्या हातात दिला आणि मान खाली घातली. ते बराच वेळ तो फिरवून फिरवून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "व्हाय, रवी?" मी त्यांना सगळं सांगितलं. तुमची फायनल, खंडेनवमी, पिशवी, सगळं. (पिशवीचं त्यांना तुमच्या आधी कळलं, याबद्दल माफी असावी.) ऐकून ते म्हणाले, माझे वडील चपला शिवायला बसण्याआधी रोज आरीला हात जोडायचे, मी कॅनडात आल्यापासून हे कुणालाच सांगितलेलं नाही. मग त्यांनी चेंडू तसाच, तांबडा, एक नंबरच्या कपाटात ठेवला. दुपारी ज्येष्ठ मंडळ आलं, तेव्हा त्या बारा जणांनी दुसरं काही बघितलंच नाही. एक आजी तर काचेसमोर वाकून नमस्कार करून गेल्या.

बाकी सर्व क्षेम. थंडी सुरू झाली, विंटर टायर्स घालायचे आहेत. ईशानी शाळेच्या टीममध्ये गोलकीपर झाली. हे मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण आधी लिहिलं असतं तर तुम्ही पुढचं काही ऐकलं नसतं.

तुमचा, मार खायला अजूनही घाबरणारा भाचा,
रवींद्र

ता. क. सोबत व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र जोडलं आहे. अकरा वर्षं मी बोलावतो आहे आणि अकरा वर्षं तुमचं एकच उत्तर: "मी तिकडं आलो तर चेंडूची पूजा कोण करणार रं?" मामींनी दोन हजार साली हौसेनं पासपोर्ट काढला. तो यंदा जूनमध्ये संपला. एकही शिक्का नाही. त्यांनी कुणाला काही न बोलता नवा काढून आणला, हे मला फोनवर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. पुढची खंडेनवमी इथं करायची.

ता. क. २. आता पिशवी. मामा, बसून घ्या. सहाव्या कपाटात कालपासून एक चेंडू आहे. जुना, जड, दोरीनं आवळायचा, कुंकवानं काळा पडलेला. खाली चिनी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत पाटी आहे: "कोल्हापूर, १९७१. गोलकीपर अरविंद." होय, तोच. नव्व्याण्णव साली मी निघालो तेव्हा तो माझ्या बॅगेत, चिवडा आणि मेतकुटाच्या मधोमध होता. दर खंडेनवमीला मी त्याची पूजा करत आलो. यंदा वाटलं, त्याच्या मूळपुरुषाशेजारी करावी. तुम्ही अकरा वर्षं ज्याला हळदकुंकू वाहताय तो बाजारातून आणलेला, चहाचं पाणी आणि राख चोळून जुना केलेला चेंडू आहे. हलका लागणारच. रागावण्याआधी एवढंच आठवा, की तुम्हीही तो पोटाशी धरून मैदानातून थेट घरी आला होतात आणि पंच अजून वाट बघतायत.

ता. क. ३. मी चोरला नाही. मी विमानाच्या भीतीनं अर्धमेला झालो होतो, बॅग दुसऱ्याच कुणीतरी भरली. मामी, आता ठसका पुरे. पुढचं वाक्य तुमचंच आहे, बॅगेची चेन ओढताना तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात. तेवढं जरा मोठ्यानं वाचा: "ह्यो चेंडू तिकडं नीट जपून ठेव. त्याच्यामागं हे कधीतरी येतील, आणि ह्यांच्यामागं मी."