काळं वादळ, नंबर उणे सहा

३ नोव्हेंबर, सकाळी ७

ही वही कुणी वाचायची नाही. दुकानातल्या जुन्या फ्रेमच्या खोक्याखाली ठेवणार. तिथे मीसुद्धा कधी बघत नाही.

काल लेकीला शाळेतून आणायला गेलो. तिच्या मैत्रिणीने विचारलं, हे कोण? लेक म्हणाली, चष्मेवाले आहेत, ओळखीचे. ओळखीचे! चौदा वर्षांची ओळख आहे आमची. तिच्या जन्मापासूनची. फार लागलं. रात्री दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ नोव्हेंबर

लेकीबरोबर ॲनिमे, ते जपानी कार्टून, पाहिलं. म्हणजे ती सोफ्यावर, मी दारात. एक मुखवटेवाला भल्याभल्यांना लोळवतो. सगळे विचारतात, हा कोण? शेवटी तो मुखवटा काढतो आणि अख्खं स्टेडियम आ वासतं. मला रडू आलं. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, डोळे कोरडे पडलेत.

लेकीच्या ॲनिमे क्लबची २९ तारखेला 'मुखवटा चषक' स्पर्धा आहे. टोपणनावाने, मुखवटा घालून लढायचं. मऊ हातमोजा समोरच्याच्या खांद्याला तीनदा लावला की जिंकलं. हरणाऱ्याने तिथेच मुखवटा काढायचा, विजेत्याने सगळ्यांत शेवटी. वयाची अट नाही. माइकवर निवेदन लेक करणार.

ठरलं. मी जिंकणार. मुखवटा काढणार. आणि ती चारशे लोकांसमोर म्हणणार, हे माझे बाबा.

६ नोव्हेंबर

टोपणनाव: काळं वादळ. क्लबचे फॉर्म संपले होते, म्हणून दुकानात नंबर लिहून द्यायच्या कागदावरच माहिती भरली. व्यवसाय मुद्दाम लिहिला नाही. आपण कच्च्या गुरूचे चेले नाही. कागदावर वर दुकानाचं नाव छापलंय, पण छापलेलं कोण वाचतं?

९ नोव्हेंबर, पहाटे ५

आजपासून धावणे.

९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

उद्यापासून धावणे. लढवय्याला झोप महत्त्वाची.

१२ नोव्हेंबर

दुकानाच्या वर कराटेचा क्लास आहे. आज गेलो. सर म्हणाले, काका, पाय उचला. उचलला. सर पुन्हा म्हणाले, उचला. म्हटलं, उचललाय. सरांनी खाली वाकून खात्री करून घेतली. मग म्हणाले, आज एवढं पुरे. पहिल्याच दिवशी लवकर सोडलं, म्हणजे तयारी बरीच झालेली दिसते.

१७ नोव्हेंबर

वेषांतराचा विचार. सगळे मला चष्म्यासकट ओळखतात. चष्मा काढला की अर्धं काम झालं. नंबर उणे सहा आहे खरा, पण सहा इंचांपर्यंत मला लख्ख दिसतं. आणि लढाई जवळूनच करायची असते.

आरशासमोर मुखवटा काढायचा सराव केला. डावा हात कमरेवर, मान सावकाश वर, तीन सेकंद थांबायचं. सतरा वेळा केलं. ही आत आली आणि म्हणाली, कपाटाशी काय बोलताय? चष्मा लावून पाहिलं तर आरसा उजवीकडे होता. खांद्याला हात लावायचा सराव उद्या.

२३ नोव्हेंबर

हिने सरळच विचारलं, स्पर्धेत उतरलात का? मी शांतपणे म्हटलं, कसली स्पर्धा? ती म्हणाली, निदान चष्मा खिशात ठेवा. बायकांना कसा वास लागतो कळत नाही.

लेकीला मात्र काडीचा संशय नाही. जेवताना सहज म्हणाली, काळ्या वादळाला पहिल्या फेरीत सांभाळून खेळणारा प्रतिस्पर्धी दिलाय, बिचाऱ्याचं वय झालेलं दिसतं. मी गालातल्या गालात हसलो. भाबडी आहे पोर.

२८ नोव्हेंबर

खांद्याला हात लावायचा सराव राहिला. तो ऐन वेळी आपोआप होतो.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

पाय उशीवर ठेवून लिहितोय. जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

मंचावर गेलो. प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार केला. तो प्रतिस्पर्धी नसून आग विझवायचा लाल डबा होता, असं नंतर कळलं. खरी प्रतिस्पर्धी होती 'पांढरी घार'. तिने लगेच दोन गुण घेतले. ते मी अंदाज घेण्यासाठी दिले होते.

मग ती अगदी जवळ आली. सहा इंचांवर. सगळं लख्ख दिसलं. तिने मुखवट्यावरून चष्मा लावला होता आणि फ्रेम वाकडी! डावी बाजू वर, उजवी काडी कानामागे रुतलेली. बावीस वर्षं चष्मे बसवणारे हात आहेत हे, माझं ऐकतात थोडेच. हातमोजे काढले, चष्मा उतरवला, काडी अंगठ्याने हळूच बाहेर वळवली, पुन्हा बसवला आणि विचारलं, आता टोचतंय का?

पांढरी घार म्हणाली, नाही हो चष्मेवाले, आता छान बसला. आवाजावरून कळलं, वाचनालयातल्या बाई. मग त्यांनी माझ्या खांद्याला तिसऱ्यांदा हात लावला. लोक हसून हसून लोळले. मागून कुणीतरी ओरडलं, माझाही ढिला झालाय!

तरी नियम तो नियम. डावा हात कमरेवर, मान सावकाश वर, मुखवटा काढला. तीन सेकंद थांबलो. दुसऱ्याच सेकंदाला पुढच्या लढतीतले दोघे मंचावर आले आणि म्हणाले, काका, जरा सरकता का?

सरकलो. तेवढ्यात माइकवर लेक जिवाच्या आकांताने ओरडली, बाबा! बाबा, तिकडे पायऱ्या नाहीत!

बाबा. दोनदा. चारशे लोकांसमोर, मोठ्या स्पीकरवरून. तिथेच थांबून ऐकत राहिलो असतो, पण तोवर मंच संपला होता.

१ डिसेंबर, दुपारी

घोटा मुरगळलाय. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. दुकानात स्टुलावर पाय ठेवून बसलोय. लेकीने स्पर्धेचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. वर लिहिलंय, 'माझे बाबा'. सकाळपासून तिच्या शाळेतल्या मुली चष्मे नीट करून घ्यायला येताहेत. लेक स्वतः गल्ल्यापाशी उभी राहून प्रत्येकीला माझी ओळख करून देतेय.

पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार. यंदा थोडक्यात हुकलं. नजर बसली होती, पायही मोकळे झाले होते, अजून एक मिनिट मिळालं असतं तर बाईंची खैर नव्हती. दुकानात गर्दी ओसरल्यावर लेकीला हळूच विचारलं, खरं सांग, माझी लढत कशी वाटली?

ती म्हणाली, कुठली लढत?