आमच्या घरातून न उघडणारं पान

प्रिय फिरकी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. आतलं सगळं माझ्याच हातचं आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी आधी मुका होतो आणि मग आवाज चढवतो, हे तुला मी सांगायला नको. कागदावर निदान आवाज तरी चढत नाही. शिवाय लिहिताना मध्ये थांबता येतं, आणि या पत्रात मला बऱ्याच वेळा थांबावं लागणार आहे.

तर झालंय असं, की तुझी वेबसाइट आमच्या घरातून उघडत नाही. आज सव्वीस दिवस झाले. बाकी सगळं उघडतं. बातम्या उघडतात, हवामान उघडतं, तुझ्या वहिनीची विणकामाची पानं तर मागेल तेव्हा हजर. फक्त तुझं पान नाही. पत्ता टाकला की मधोमध एक गोल फिरत बसतो, आणि शेवटी ओळ येते की समोरून उत्तर यायला फार वेळ लागतो आहे. पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा मला वाटलं, बरोबरच आहे, आपण बोललो त्याला दोन वर्षं झाली. तू माझ्या घराला मुद्दाम दार लावलंस की काय, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दोष वायरीत निघावा म्हणून मी इतकी खटपट केली, की वायरीत दोष सापडला असता तर दुकानातलं काम सोडून नाचलो असतो.

तू विचारशील, दादा माझी वेबसाइट कधीपासून वाचायला लागला. पहिल्या दिवसापासून. तू कॅमेऱ्यासमोर शिलाई मशीन उघडून दाखवायला लागलीस तेव्हा 'घरचं ज्ञान चव्हाट्यावर मांडतेस, उद्या गिऱ्हाईक आपल्याकडे कशाला येईल' असं ओरडणारा मीच. आणि बाबांची मशीन तू उघडून परत जोडलीस, आणि दोन दिवसांनी ती एक टाका घालेना, तेव्हा भरल्या दुकानात 'बाबांची एवढी एक वस्तू होती, तीही बिघडवलीस' असं म्हणणाराही मीच. तू स्क्रू-ड्रायव्हरची पेटी उचललीस आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या गावात खोली घेतलीस. मी लोकांना सांगत फिरलो की बघा, चार दिवसांत परत येते की नाही. चार दिवसांनी तुझा पहिला लेख आला, तो मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचला.

पान उघडायचं थांबलं तोवर अडतीस लेख झाले होते, त्यातला एकही माझा चुकलेला नाही. त्या गंजलेल्या हातमशीनचा लेख मी किती वेळा वाचला याची मोजदाद नाही. अकरा दिवस तू तिच्यात रोज थेंब थेंब तेल सोडत राहिलीस, चाक हाताने केसभर पुढे, केसभर मागे करत राहिलीस, पण हातोडी उचलली नाहीस. मी तिसऱ्या दिवशी उचलली असती आणि लोखंडाचे दोन तुकडे करून वर गिऱ्हाइकालाच दोष दिला असता. बाबा म्हणायचे ना, की फिरकीला एका जागी बसवणं कठीण, पण एकदा मशीनपुढे बसली की उठवणं त्याहून कठीण. ते मला नेहमी थट्टेतलं वाटायचं. आता कळतं की ते तुझं कौतुक होतं आणि मला टोमणा होता.

आणि एक कबुली. गेल्या वर्षी पिशव्या शिवणाऱ्या बाई त्यांची जड मशीन घेऊन आल्या. पातळ कापडावर ठीक चालायची, जाड शिवणीवर आली की टाके सोडायची. मी तीन दिवस झटलो. चौथ्या दिवशी तुझा एकविसावा लेख उघडून शेजारी ठेवला आणि तू लिहिलंस तसं केलं. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक मशीनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि चाक हळूहळू फिरवत राहिलो. खटका नेमका कुठे येतो ते ऐकू आलं. तासाभरात मशीन तयार. बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा कान या शहरात कोणाचा नाही. मी मान डोलावली. घरचं ज्ञान चव्हाट्यावर नको म्हणणारा माणूस चव्हाट्यावरून ते गुपचूप उचलून घरी आणत होता.

आता त्या रविवारचं सांगतो. तुझ्या पानावर आठवडाभर आधी सूचना लागली होती: 'रविवारी संध्याकाळी सहा वाजता, बाबांची मशीन.' ती वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता सगळ्या जगापुढे माझी शोभा होणार, आणि तीही मी स्वतः कमावलेली. तरी वाचायचं तर सगळ्यांच्या आधी आपणच, असा हट्ट. पाच वाजल्यापासून दुकानातल्या संगणकापुढे बसलो आणि दर मिनिटाला कीबोर्डवरचं पान नव्याने उघडायचं बटण दाबू लागलो. साडेपाचला बोट दुखायला लागलं. मग तुझ्या दादाने डोकं चालवलं. कापड हलू नये म्हणून आपण ठेवतो ना, ते लोखंडी वजन त्या बटणावर ठेवलं आणि वर घरात चहाला गेलो. खाली आलो तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि पान उघडत नव्हतं. तेव्हापासून ते उघडलेलं नाही.

तुझ्या वहिनीच्या फोनवर, घराचं वायफाय बंद करून, ते पान लगेच उघडलं. तिने लेख तिथेच उभ्याने वाचला, डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. ज्या घराने आपल्याला दार लावलं त्या घरात शेजारच्या खिडकीतून डोकवायचं नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं. ती म्हणाली, 'मग स्वतःच्या दाराने जाऊन वाचा, मी एक शब्द सांगणार नाही.' तिने शब्द पाळला आहे. सव्वीस दिवस ती माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघते आणि विणत बसते.

मी आधी माझ्या पद्धतीने दुरुस्ती केली. राउटर बंद करून चालू केला, त्याची जागा बदलली, त्याला दोन टपल्या मारल्या. कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनीही तो तीनदा बंद-चालू करायला लावला आणि चौथ्यांदा सांगितलं तेव्हा मीच फोन ठेवला. मग कनेक्शनवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, खिशात एक छोटी वही. मी त्यांना आल्या आल्या माझे सगळे पराक्रम ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही.' फिरकी, मी खुर्चीतच सरळ बसलो. हे वाक्य तू तुझ्या सातव्या लेखात जवळजवळ असंच लिहिलं आहेस.

मग मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो, जसं पूर्वी तुझ्या हाताकडे कधी बघितलं नाही तसं. त्यांनी एक बदल केला, तपासलं, वहीत लिहिलं, तो बदल मागे घेतला आणि मगच पुढे गेल्या. दुसरा ब्राउझर वापरून पाहिला. साठवलेली जुनी पानं पुसून पाहिली. वायफाय सोडून थेट केबल लावली. नावावरून पत्ता शोधून देणारी जी यादी इंटरनेट वापरतं, ती बदलून पाहिली. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या आणि आमच्या लाइनवर लावला. उघडलं नाही. मग माझा संगणक त्यांच्या फोनच्या इंटरनेटला जोडला. त्या क्षणी तुझं पान समोर उभं राहिलं, वर 'बाबांची मशीन' हे शब्द आणि बाबांच्या मशीनचा फोटो. मी मान फिरवली आणि त्यांना ते बंद करायला सांगितलं. त्यांना वाटलं असेल, माणूस जरा हललेला आहे.

वही बघून त्यांनी निकाल सांगितला. संगणक चांगला, लाइन चांगली, वेबसाइट चांगली. प्रत्येक घराच्या कनेक्शनला बाहेरच्या जगात एक नंबर असतो, आणि आमच्या घराचा नंबर तुझ्या दारात अडवला जातो. कोण अडवतं, असं मी विचारलं, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला. त्या म्हणाल्या, एक तर मालकाने स्वतः अडवला असेल, नाही तर वेबसाइटवर बसवलेल्या पहारेकरी प्रोग्रामने. एकाच घरातून दारावर फार धडका बसल्या की तो चोर समजून नंबर काळ्या यादीत टाकतो. यातलं कोणतं, ते इथून कळत नाही. मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी तुम्ही काही वेगळं केलं होतं का. मी लोखंडी वजनाचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, वही मिटली आणि इतक्या हसल्या की वरून तुझी वहिनी काय झालं ते बघायला जिन्यात आली. अर्ध्या तासाहून जास्त वेळ मी तुझं दार न थांबता वाजवत होतो म्हणे, आणि तेही सेकंदागणिक.

तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की हे पान माझ्या बहिणीचं आहे. त्यांचं हसू थांबलं. जाताना त्यांनी सोपा उपाय सुचवला: अर्ज केला की कंपनी घराला दुसरा नंबर देते, नव्या नंबराला पहारेकरी ओळखणार नाही, उद्याच लेख वाचायला मिळेल. त्यांनी फॉर्मही तिथल्या तिथे भरला. मी नको म्हणालो. वेश पालटून बहिणीच्या दारात जायचं वय आता राहिलं नाही. मग त्या म्हणाल्या की काळी यादी फक्त मालकाला दिसते आणि त्यातून नाव काढणंही मालकाच्याच हातात असतं, तेव्हा तिला विचारा. आणि आमचा नंबर त्यांनी आपल्या वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तो कागद पत्राला जोडला आहे.

म्हणून हे पत्र. त्या यादीत आमचा नंबर पहारेकऱ्याने टाकलेला असो की तू, तो आता तिथे राहू द्यायचा की काढायचा ते तू ठरव. पण कोणाला आत घेते आहेस हे तुला ठाऊक असलं पाहिजे. बाबांची मशीन तू बिघडवली नव्हतीस. तू ती जोडून ठेवलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची सुई बदलली. तुझ्यावर घुश्शात होतो, चष्मा लावला नव्हता, आणि सुईची सपाट बाजू उलटी बसवली. ज्यावरून आयुष्यभर गिऱ्हाइकांना हसलो, तेच केलं. तू गेल्यावर आठव्या दिवशी मला ते दिसलं. मी सुई फिरवून बसवली, दुसरं काहीही केलं नाही, आणि मशीन बाबांच्या हाताखाली चालायची तशी चालायला लागली. मी सगळ्यांना सांगितलं की ती मी दुरुस्त केली. तुझ्या लेखात तू काय लिहिलं आहेस ते मला माहीत नाही. त्यात दोष स्वतःवर घेतला असशील तर तो खोडून टाक, फिरकी, आणि तिथे माझं नाव घाल.

तुझाच,
दादा